गालातली पांढरी जाळी आणि तिच्याखालचा पेशींचा पट्टा

ताई, सविस्तर लिहिलंत ते बरं केलंत. इतर वाचणाऱ्यांसाठी तुमची हकिगत थोडक्यात सांगते. वय ५३. दोन्ही गालांच्या आतून पांढऱ्या रेषांची जाळी. हिरड्या लालभडक, ब्रश लागला की सोलवटतात. मिसळ तर सोडाच, घरची फोडणीची आमटीही झोंबते. बायोप्सी झाली, रिपोर्टवर ‘ओरल लायकेन प्लॅनस’ आणि त्याखाली ‘बँड-लाइक लिम्फोसायटिक इन्फिल्ट्रेट’ असं लिहून आलं. डॉक्टरांनी ‘हा इम्युनिटीचा आजार आहे’ एवढंच सांगून स्टिरॉइडचं मलम दिलं. घरी त्याचा अर्थ ‘इम्युनिटी कमी झालीय’ असा लावला गेला आणि गुळवेलीचा काढा, च्यवनप्राश, शिवाय इम्युनिटी बूस्टर कॅप्सूल असं सगळं सुरू झालं. यजमान दिवसभर सुपारी चघळतात, हल्ली त्यांचं तोंड पुरतं उघडत नाही, त्यांनाही हाच आजार आहे का, असंही तुम्ही विचारलंय.

तुमची प्रतिकारशक्ती कमी झालेली नाही. गालाच्या अस्तराखाली ती नको तिथे आणि नको तेवढं काम करतेय. मलम तिला तेवढ्याच जागेपुरतं शांत करायला दिलंय. काढा आणि कॅप्सूल यांचा दावा मात्र तिला आणखी चेतवण्याचा आहे. तो दावा खरा असो वा खोटा, तुमच्या बाबतीत हेतूच उलटा आहे. हे मी कशावरून म्हणते ते तुमच्याच रिपोर्टातून दाखवते.

माझ्या रुग्णांच्या स्लाइड मी पॅथॉलॉजिस्टच्या शेजारी बसून स्वतः बघते. लायकेन प्लॅनसची स्लाइड कमी पॉवरवर ठेवली तरी एक गोष्ट लगेच नजरेत भरते. वर गुलाबीसर अस्तर, खाली फिकट गुलाबी तंतूंचा थर आणि या दोहोंच्या मधोमध, अस्तराला अगदी खेटून, गडद जांभळ्या ठिपक्यांचा सलग पट्टा. निरोगी गालात तिथे अशा पेशी तुरळकच दिसतात. इथे त्या दाटीवाटीने बसलेल्या असतात, पण थोडं खाली सरकलं की गर्दी एकदम संपते. रिपोर्टातलं ‘बँड-लाइक’ म्हणजे हाच पट्टा आणि हे जांभळे ठिपके म्हणजे लिम्फोसाइट, पांढऱ्या पेशींमधला एक प्रकार.

पॉवर वाढवली की अस्तराचा सर्वांत खालचा, म्हणजे बेसल पेशींचा, थर दिसतो. नवीन पेशी इथेच जन्मतात आणि हळूहळू वर सरकत जातात. गालाचं अस्तर साधारण दोन आठवड्यांत असं नवं होत असतं. तुमच्यासारख्या स्लाइडमध्ये हा थर जागोजागी विस्कटलेला असतो. त्याची खालची गोलसर, बोटांसारखी टोकं झिजून करवतीच्या दात्यांसारखी होतात. मध्येमध्ये एकजिनसी गुलाबी गोळे दिसतात, ते मेलेल्या बेसल पेशींचे अवशेष. त्यांना सिव्हाट बॉडी म्हणतात. आणि काय दिसत नाही तेही महत्त्वाचं आहे : पू नाही, जंतूंचा थवा नाही. म्हणूनच अँटिबायोटिकच्या कोर्सने हा आजार हलत नाही, आणि तुमच्या उष्ट्यातून तो नातवंडांना लागत नाही.

साध्या रंगात सगळे लिम्फोसाइट सारखेच दिसतात. त्यांच्या पृष्ठभागावरच्या खुणा रंगवणारी वेगळी तपासणी केली तर कळतं की बहुतेक टी-पेशी आहेत आणि त्यांची बसण्याची जागाही ठरलेली आहे. अस्तराला चिकटून किंवा थेट अस्तरात घुसलेल्या असतात त्या बहुधा सीडी ८ जातीच्या, म्हणजे मारेकरी पेशी. एरवी विषाणूने ग्रासलेली पेशी हुडकून संपवणं हे त्यांचं काम. समोरच्या पेशीला भिडायचं, परफोरिन नावाच्या प्रथिनाने तिच्या आवरणाला भोकं पाडायची, त्यातून ग्रँझाइम हे पेशीला मरायला लावणारं प्रथिन आत सोडायचं, आणि ती पेशी स्वतःचाच शेवट घडवून आणते. स्लाइडवरचे गुलाबी गोळे म्हणजे याचा पुरावा. त्यांच्या मागे, जरा खोलवर, सीडी ४ जातीच्या मदतनीस पेशी असतात. त्या इंटरफेरॉन गॅमा आणि इतर रसायनं सोडून मारेकऱ्यांना चेतवत ठेवतात.

मुळात पहिली ठिणगी कशाने पडते? याचं सर्वांना लागू पडणारं एकच कारण आजवर सापडलेलं नाही. पण एकदा पडलेली ठिणगी विझत का नाही, हे बरंचसं समजलंय, आणि आजार वर्षानुवर्षं का रेंगाळतो याचं उत्तर त्यातच आहे. इंटरफेरॉन गॅमा बेसल पेशींवर पडला की त्या बिचाऱ्या स्वतःच सीएक्ससीएल १० सारखे रासायनिक संदेश सोडू लागतात. टी-पेशींवर त्या संदेशाचा ग्राहक असतो, त्यामुळे रक्तातून आणखी टी-पेशी ओढल्या जातात. म्हणजे जिच्यावर हल्ला होतोय तीच हल्लेखोरांना पत्ता देत बसते. एवढ्यावर भागत नाही. त्याच इंटरफेरॉनमुळे बेसल पेशी आपल्या पृष्ठभागावर एरवी नसणारे एमएचसी वर्ग २ चे, म्हणजे प्रथिनांचे तुकडे टी-पेशींना दाखवणारे, रेणूही मांडू लागतात, आणि मदतनीस पेशींना ओळखायला आयतीच सोय होते. मरणाऱ्या पेशींच्या तुकड्यांनी डेंड्रायटिक पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पहारेकरी, सावध होतात. त्यांच्यातल्या प्लाझ्मासायटॉइड नावाच्या गटाने सोडलेला इंटरफेरॉन अल्फा या सगळ्याला आणखी बळ देतो.

मास्ट पेशींबद्दल जरा जास्त लिहिते, कारण त्यांचं नाव फक्त ॲलर्जीच्या संदर्भात घेतलं जातं. लायकेन प्लॅनसमध्ये त्या रक्तवाहिन्यांच्या आणि चेतातंतूंच्या आसपास मोठ्या संख्येने दिसतात, आणि पुष्कळशा फुटलेल्या, म्हणजे आपले कण बाहेर टाकलेल्या असतात. त्या कणांतलं टीएनएफ अल्फा रक्तवाहिन्यांच्या आतल्या भिंती चिकट करतं, त्यामुळे वाहत्या रक्तातल्या टी-पेशी तिथे थबकून बाहेर पडतात. कायमेज हे दुसरं द्रव्य एमएमपी ९ नावाच्या विकराला जागं करतं, आणि हे विकर अस्तराच्या तळाचा पातळ पडदा कुरतडतं. पडदा फाटला की मारेकरी पेशींना आत शिरायला वाट मिळते. शिवाय बेसल पेशींना जगत राहण्याचा जो संदेश त्या पडद्याकडून मिळत असतो तोही तुटतो. अणकुचीदार दात, दातांवर साचलेलं कीटण, गाल चावायची सवय यांनी जाळी वाढते ती याच कारणाने. प्रत्येक ओरखडा या साखळीला पुन्हा चालना देतो.

तुमच्या गालात पांढऱ्या रेषांच्या आजूबाजूला काळपट डागही असतील. बहुतेक बायका ते बघून जास्त घाबरतात. बेसल पेशी मरताना त्यांच्यातलं मेलॅनिन हे रंगद्रव्य खाली सांडतं आणि मॅक्रोफेज, म्हणजे साफसफाई करणाऱ्या पेशी, ते गिळून तिथेच बसून राहतात. आपल्यासारख्या सावळ्या कातडीच्या लोकांत हे फार ठळक दिसतं, आणि आजार शमल्यावरही डाग बराच काळ रेंगाळतात. त्यावर काही लावू नका.

आता कोणी म्हणेल, टी-पेशी तिथे जमल्या म्हणून त्याच दोषी कशा? गर्दी तर अपघाताच्या जागीही जमते. याला दोन चोख उत्तरं वैद्यकाने स्वतःच्याच उपचारांतून मिळवलीत. रक्ताच्या कॅन्सरसाठी दुसऱ्याचा अस्थिमज्जा बसवला की काही रुग्णांत दात्याच्या टी-पेशी रुग्णाच्याच शरीरावर उठतात. त्याला ग्राफ्ट व्हर्सस होस्ट आजार म्हणतात. तो जुनाट होऊन तोंडात उतरला की गालात हुबेहूब तुमच्यासारखीच पांढरी जाळी दिसते, आणि स्लाइडसुद्धा लायकेन प्लॅनसपासून वेगळी काढणं अवघड जातं. दुसरं उत्तर नव्या कॅन्सर औषधांचं. टी-पेशींना आवर घालणारे पीडी १ सारखे ‘ब्रेक’ काढून घेणारी निव्होलुमॅब, पेंब्रोलिझुमॅब ही औषधं आता आपल्याकडेही वापरली जातात. हे ब्रेक काढून कॅन्सरवर उपचार करता येतो या शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. ब्रेक निघाले की टी-पेशी कॅन्सरवर तुटून पडतात, पण काही रुग्णांच्या तोंडात लायकेनसारखे व्रण आणि रेषाही उमटतात. इम्युनिटी खरोखरच वाढवली तर तोंडात काय होऊ शकतं, ते यात दिसलं.

निरोगी माणसातही चुकार टी-पेशी असतातच. त्यांना गप्प ठेवणाऱ्या नियामक टी-पेशी शरीरात असतात. २०२५ चं वैद्यकाचं नोबेल मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना मिळालं ते नेमक्या या विषयासाठी. लायकेन प्लॅनसच्या पट्ट्यातही या नियामक पेशी हजर असतात, पण गोंगाटापुढे त्यांची मात्रा चालत नाही. बाजारातली कुठलीही कॅप्सूल फक्त त्यांनाच बळ देते असं सिद्ध झालेलं नाही.

गुळवेलीचं स्वतंत्रपणे सांगते, कारण करोनाच्या काळापासून घरोघरी तिचा वेल आणि काढा दोन्ही आले. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी असा काढा किंवा गोळ्या घेणाऱ्या ६ रुग्णांमधली यकृताची इजा नोंदवली. तिचं स्वरूप प्रतिकारशक्ती स्वतःच्या यकृतावर उलटावी तसं होतं. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षावर आक्षेप घेतला, वनस्पतीची ओळख नीट पटवली नाही असं म्हटलं. तो वाद आहे तिथे असू द्या. ज्या बाईच्या तोंडात टी-पेशी आधीच बिथरल्यात तिने महिनोन्‌महिने असा काढा घेऊ नये, या मताची मी आहे. वैद्यांकडे जायचंच असेल तर रिपोर्ट दाखवून त्यांनाच सरळ विचारा, घरगुती प्रयोग नको. जेवणातली हळद, आवळा, ताक यांना माझी काही हरकत नाही. च्यवनप्राश तोंडात झोंबत नसेल तर तेही एवढं बिघडवणारं नाही.

हिरड्या सोलवटतात हा तुमच्या पत्रातला मला सर्वांत खटकलेला भाग. हिरड्या अशा लाल होऊन सालपटं निघणं लायकेन प्लॅनसमध्ये होतं, तसंच पेम्फिगस आणि पेम्फिगॉइड या दोन आजारांतही होतं. तिथे मुख्य दोषी बी-पेशी, म्हणजे लिम्फोसाइटचाच दुसरा प्रकार, आणि त्यांनी बनवलेली प्रतिपिंडं (अँटिबॉडी) असतात. पेम्फिगसमधली प्रतिपिंडं डेस्मोग्लीन ३ वर बसतात. अस्तरातल्या पेशींना एकमेकींशी जोडणारं हे प्रथिन. ते निकामी झालं की पेशी सुट्या होतात, फोड येतो, तोंडात तो क्षणात फुटतो आणि मागे उघडी जखम राहते. पेम्फिगस व्हल्गॅरिस अर्ध्याहून अधिक रुग्णांत आधी तोंडातच सुरू होतो, अंगावर फोड नंतर येतात. आणि आपल्याकडे तोवर ‘तोंड आलंय’ म्हणून बी-कॉम्प्लेक्सच्या पट्ट्यांवर पट्ट्या संपलेल्या असतात! पेम्फिगॉइडमध्ये फट थोडी खाली, तळाच्या पडद्यापाशी पडते. तो डोळ्यांत उतरला तर व्रण पडून नजर जाऊ शकते.

म्हणून डॉक्टरांना एवढंच विचारा, की डायरेक्ट इम्युनोफ्लुरोसन्स, म्हणजे तुकड्यात चिकटलेली प्रतिपिंडं चमकवून दाखवणारी तपासणी, केली होती का. या तपासणीला वेगळा तुकडा लागतो. तो व्रणाच्या मध्यातून न घेता शेजारच्या शाबूत दिसणाऱ्या भागातून घ्यायचा आणि फॉर्मेलिनमध्ये मुळीच टाकायचा नाही, त्यासाठी मिशेल नावाचं द्रावण असतं. पेम्फिगसमध्ये प्रतिपिंडांचं मासेमारीच्या जाळ्यासारखं चित्र चमकतं, पेम्फिगॉइडमध्ये एक सलग रेघ, लायकेनमध्ये तळपडद्यावर फायब्रिनोजेन या रक्तातल्या प्रथिनाचा फाटकातुटका थर. गालात स्पष्ट जाळी आहे आणि स्लाइडही जुळतेय, म्हणजे तुमचं निदान बहुधा बरोबरच आहे. तरी हिरड्यांचं समाधान मला हवं. उपचार वेगळे पडतात : पेम्फिगसमध्ये बऱ्याचदा बी-पेशीच कमी करणारं रिटुक्सिमॅब द्यावं लागतं, तिथे नुसतं मलम पुरत नाही.

नेहमीचं तोंड येणं, म्हणजे पिवळट तळाचे आणि लाल कडेचे छोटे व्रण, ही तिसरीच गोष्ट. तिथेही सुरुवात टी-पेशी करतात, मग न्यूट्रोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशी येऊन जागा उकरतात, पण ७ ते १४ दिवसांत सगळं आवरतं. पुन्हा पुन्हा होत असेल तर लोह, बी १२ आणि फोलेट तपासायचं. तुमचं ते नाही.

आता यजमान. नाही, त्यांना हा आजार नाही. लक्षणांवरून ती सबम्युकस फायब्रोसिस, म्हणजे अस्तराखालचा थर ताठर होत जाण्याचा आजार, दिसते. १९५२ साली श्वार्ट्झ यांनी केनियातल्या पाच भारतीय स्त्रियांत ती प्रथम वर्णन केली आणि पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. जोशींनी तिला आजचं नाव दिलं. दाह इथेही असतो, टी-पेशी आणि मॅक्रोफेज इथेही जमतात. पण त्यांना रोज निमंत्रण देते ती सुपारी. मॅक्रोफेज आणि दुखावलेल्या अस्तरातून टीजीएफ बीटा हा रासायनिक संदेश सुटतो, तो फायब्रोब्लास्ट पेशींना कोलॅजन, म्हणजे चिवट तंतूंचं प्रथिन, तयार करायला लावतो. सुपारीतलं अरेकोलीन त्यात भर घालतं. सुपारीतलं तांबं लायसिल ऑक्सिडेज या विकराला जोर देतं आणि कोलॅजनचे दोर एकमेकांत घट्ट गुंफले जातात. गाल पांढुरका, कातड्यासारखा टणक होतो. त्यांना आरशासमोर उभं करा आणि स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जातात का बघायला सांगा. दोनच जात असतील तर याच आठवड्यात दाखवा. सुपारी बंद केली तर आजार पुढे सरकणं थांबू शकतं, पण तयार झालेला ताठरपणा पूर्ण जात नाही. व्यायाम, इंजेक्शनं, गरज पडल्यास शस्त्रक्रिया असा मार्ग असतो. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण म्हणून ‘साधी सुपारी’ निरुपद्रवी ठरत नाही. सुपारी स्वतःच कॅन्सरकारक आहे असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ मध्येच जाहीर केलंय. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या संशोधकांनी सबम्युकस फायब्रोसिसच्या रुग्णांवर १७ वर्षं नजर ठेवली, त्यांतल्या ७.६ टक्के जणांना तोंडाचा कॅन्सर झाला. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेला हा आकडा त्यांना वाचून दाखवा.

परत तुमच्या मलमाकडे येते. स्टिरॉइड म्हटलं की सूज, शुगर, हाडं ठिसूळ हे सगळं आठवतं, पण ते मुख्यतः पोटातून मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतल्यावर. गालावर लावलेलं ट्रायॲमसिनोलोन किंवा क्लोबेटासॉल त्या पट्ट्यातल्या पेशींमध्ये शिरून दाहाची रसायनं बनवणारी जनुकं गप्प करतं, रक्तात फारच थोडं जातं. फरक पडत नाही अशी तक्रार येते तेव्हा निम्म्या वेळा लावण्याची पद्धत चुकलेली असते. जेवून, चूळ भरून झाली की स्वच्छ सुती कापडाने गाल टिपून कोरडा करा. ओल्या गालावर मलम बसतच नाही. वाटाण्याएवढं घ्या, हलकेच लावा, चोळू नका. अर्धा तास पाणीसुद्धा नको. रात्री झोपण्याआधीची वेळ सर्वांत चांगली, कारण झोपेत लाळ कमी सुटते आणि मलम टिकतं. हिरड्यांसाठी डेंटिस्टकडून मऊ ट्रे बनवून घ्या आणि त्यात मलम भरून लावा. मलम लावू लागल्यावर खरवडून निघणारे पांढरे दह्यासारखे डाग दिसले तर ते लायकेन नव्हे, कॅन्डिडा बुरशी. तिच्यावर सोपं औषध आहे, मलम मनाने बंद करू नका. आराम पडला की डॉक्टर मात्रा उतरवत नेतील. स्टिरॉइडने भागलं नाही तर टॅक्रोलिमस आहे, ते टी-पेशींची इंटरल्यूकिन २ ची कळच बंद करतं.

हिरड्या दुखतात म्हणून ब्रश टाळलात तर कीटण साचेल आणि हिरड्या आणखी पेटतील. अतिमऊ ब्रश, फेस कमी करणारी, पुदिना-दालचिनी नसलेली पेस्ट आणि हलक्या हाताने स्केलिंग करून घ्या. एवढ्याने हिरड्यांत जो फरक पडतो तो कधीकधी मलमाइतका असतो. तुम्ही ब्लडप्रेशरची गोळी घेता आणि गुडघ्यांसाठी वेदनाशामक, असं लिहिलंत. काही बीपीच्या गोळ्या आणि वेदनाशामकं अगदी अशीच प्रतिक्रिया उठवतात. गोळ्या कधी सुरू झाल्या आणि जाळी कधी दिसली, या तारखा लिहून न्या, पण गोळी आपण होऊन सोडू नका. पारा-चांदीचं जुनं फिलिंग जाळीला बरोब्बर टेकत असेल तर तेही दाखवा. हेपेटायटिस सी आणि थायरॉइडची तपासणी एकदा करून घ्यावी.

राहिला कॅन्सरचा प्रश्न. लायकेन प्लॅनस हा कॅन्सर नाही. पण वर्षानुवर्षं चाललेल्या दाहात पेशी मरतात, घाईघाईने नव्या बनतात, आणि दाहातून सुटलेली ऑक्सिजनची आक्रमक संयुगं त्यांच्या डीएनएला इजा करत राहतात. म्हणून शंभरातल्या साधारण एखाद्या रुग्णात पुढे कॅन्सर उद्भवतो. नुसत्या पांढऱ्या जाळीत धोका कमी असतो, लाल, व्रण पडणाऱ्या प्रकारात आणि जिभेवर असेल तर जास्त. तंबाखू, मिश्री असेल तर आणखी. दर सहा महिन्यांनी तोंड दाखवायचं, आणि दर वेळी त्याच प्रकाशात मोबाइलवर गालाचे फोटो काढून ठेवायचे. दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, बोटाला कडक लागणारी जागा, एकाच बाजूला वाढत चाललेला लाल किंवा खरखरीत पट्टा, यांपैकी काहीही दिसलं तर सहा महिन्यांची वाट बघू नका, लगेच जा. आणि तिथली बायोप्सी पुन्हा करायची वेळ आली तर ‘आधी एकदा झालीय’ म्हणून नकार देऊ नका.